तीन हिरवे ठिपके

व्हर्लिन पुन्हा कोटांच्या कपाटात शिरला, आतून दार ओढून घेतलं आणि रिकाम्या पिस्तुलाचा नेम अंधारात धरला. पुढे एक आणि मागे दोन, असे नेम साधायचे नळीवरचे तीन हिरवे ठिपके आपोआप चमकायला हवे होते. त्याला दिसला एक मळकट डाग, आणि बघता बघता तोही गुल झाला.

"बाहेर ये, नाहीतर कोटांबरोबर तुलाही धुवायला टाकीन," बायको, नेडीन, ओरडली.

तो बाहेर आला, बसला, उठला, खिडकीशी गेला, परत बसला. शेरीफच्या पोलिसी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून प्रार्थनेच्या वेळी चर्चच्या दारात कोटाखाली पिस्तूल लावून राखणीला तोच उभा असायचा. गावात उरलेला मान तेवढाच. आणि उद्या ख्रिसमसची मेणबत्त्यांची प्रार्थना, म्हणजे आतले सगळे दिवे मालवणार.

"त्या बंदूकवाल्या ड्युएनने गंडवलं मला. जुने ठिपके विझले म्हणून नवे बसवले, तर हे त्याहून मेलेले! चल, ऊठ."

गाडी त्यानेच काढली, तीही तावातावाने. चौकात नेडीन किंचाळली, "अरे, थांबायची पाटी!"

"दिसली मला," तो गुरगुरला. गाडी थांबली नव्हतीच.

दुकानात त्याने पिस्तूल ड्युएनपुढे ठेवलं. ड्युएनने ते रिकामं असल्याची खात्री केली, मागच्या संडासात जाऊन दिवा बंद केला आणि लगेच बाहेर आला.

"झगझगतायत की रे."

"थापा मारू नकोस!"

"मग नेडीनला बघू दे."

जन्मात पिस्तुलाला हात न लावलेली नेडीन ते दोन बोटांत धरून आत गेली. बराच वेळ बाहेर येईना. व्हर्लिन दाराशी येरझाऱ्या घालत राहिला. ती आली तेव्हा त्याच्याकडे बघत नव्हती.

"तीन आहेत," ती म्हणाली. "हिरवे. स्वच्छ दिसतात."

ड्युएनने खणातून जुने ठिपके काढले. "हेही अजून चमकतायत, व्हर्लिन. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तुझ्या तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही."

व्हर्लिनला भांडायचं होतं, पण त्याला भीती वाटली. उद्याच्या अंधारात दारातून कुणी धावत आलं असतं तर? चर्चमधली पोरं तर सतत धावतच असतात.

"तुझ्याकडेच राहू दे ते," तो म्हणाला. "आणि पाद्रीबाबांना फोन कर. दाराशी दुसरं कुणीतरी उभं करा म्हणावं."

बाहेर येऊन त्याने सवयीने गाडीचं दार उघडलं आणि तसाच उभा राहिला.

"नेडीन, पाटी होती का गं खरंच?"

"होती."

"मला नाही दिसली."

"माहीत आहे."

"आणि... कुणी होतं तिथे?"

नेडीनने त्याच्या हातातून किल्ली घेतली. "सायकलवर एक मुलगी होती. तिने तुला हात केला होता."