पाहुणी डबी

ज्यांना शेगडी मिळाली त्यांच्या घरी ती पोरगी जायची, ते मी समजू शकते. पण ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांच्या दारात ती कशाला यायची? कुणी फुकट काही द्यायला लागला की मी एकदा विचार करते. काही न देताच गोड बोलायला लागला की दोनदा करते.

पोरीचं नाव नुर्झात. राजधानीतल्या, बिश्केकच्या कुठल्याशा संशोधन कार्यालयातून यायची. हिवाळ्यात आमची घरं धुरानं भरतात म्हणून त्यांनी कमी धुराच्या लोखंडी शेगड्या आणल्या, पण त्या गावातल्या निम्म्याच घरांना. शाळेत सोडत झाली. हेडमास्तरांच्या टोपीतून चिठ्ठ्या काढल्या आणि माझी शेजारीण कालिपा हिचं नाव निघालं. कालिपाची मुलगी सरपंचाच्या घरात दिलीय. टोपीला नातीगोती कळत नाहीत हे मलाही कळतं, पण टोपीत हात घालणाऱ्याला कळतात ना! त्या दिवसापासून मी कालिपाशी बोलणं टाकलं आणि आमच्या दोन अंगणांमधलं फाटक तारेनं बांधून टाकलं.

माझी नात बेगायिम चार वर्षांची आहे. थंडी पडली की तिची छाती वाजायला लागते, खोकून खोकून ओठ निळे पडतात. बाप मॉस्कोत बांधकामावर असतो, आई तोल्कुन माझ्याजवळ. शेगडीचा उपयोग होतो असं दिसलं, तरच उरलेल्या घरांना पुढच्या वर्षी शेगड्या मिळणार होत्या. त्या 'तरच'मध्ये माझी नात अडकली होती.

"पण आमच्याकडे काय बघायचंय तुला?" पहिल्यांदा आली तेव्हाच मी विचारलं.

"कालिपा आजींच्या नातवाचा खोकला कमी झाला, तर तो शेगडीमुळेच हे कशावरून, आपा? यंदा थंडीच कमी पडली असेल. म्हणून बिनशेगडीचं घरही बघावं लागतं."

"म्हणजे तिच्या नातवाचा खोकला शेगडीनं गेला हे कळायला माझ्या नातीनं खोकत राहायचं?"

तिनं चहाचा वाडगा खाली ठेवला. "हो," ती म्हणाली. "एक हिवाळा."

निदान खोटं तरी बोलली नाही. पण खरं बोलणाऱ्यांनीही मला आयुष्यात पुष्कळ फसवलंय.

मग तिनं पिशवीतून एक पांढरी डबी काढली, साबणाच्या वडीएवढी, कोपऱ्यात हिरवा दिवा. ती बेगायिमच्या अंथरुणाजवळ भिंतीवर टांगली. म्हणाली, ही हवेतला धूर मोजते, आठवड्यानं येऊन घेऊन जाईन, तुम्ही नेहमीसारखं राहा.

"ऐकते का ही?" मी विचारलं.

"नाही हो, आपा."

न ऐकणाऱ्या वस्तूला दिवा कशाला लागतो? ती गेल्यावर मी डबीसमोर उभी राहिले आणि सोडतीबद्दल, सरपंचाबद्दल आणि त्याच्या व्याह्यांबद्दल माझ्या मनात होतं ते सगळं स्वच्छ आवाजात सांगून टाकलं. ऐकत असेल तर पोचू दे बिश्केकला.

पण डबी कशीही असली तरी ती दुसऱ्याची वस्तू होती, आणि आमच्या घरात राहायला आली होती. परक्याचा डोळा घरात असताना चुलीत गोवऱ्या घालायला मी काही निर्लज्ज नाही. मी तोल्कुनला सांगून चुलीच्या भेगा मातीनं लिंपून घेतल्या, धुराडं झाडून घेतलं. मागच्या वादळात आमचं जुनं जर्दाळूचं झाड पडलं होतं. त्याची लाकडं मी मुलगा परत येईल तेव्हाच्या जेवणावळीसाठी रचून ठेवली होती. त्यातली काढली. जर्दाळूचं वाळलेलं लाकूड कसं बिनधुराचं जळतं, ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. आणि बेगायिम त्या आठवड्यात झोपली. गाढ, तोंड मिटून, एकदाही न खोकता.

नुर्झात डबी घेऊन गेली. आम्ही पुन्हा गोवऱ्यांवर आलो, आणि पोरीचा खोकलाही परत आला.

दुकानात पावासाठी रांगेत उभी होते तेव्हा माझ्यासारखीच बिनशेगडीची अनारकुल माझ्या कानाशी लागली. "झूराकान, तुझ्याकडे डबी होती तेव्हा पोर खोकली का गं?"

"नाही."

"आमचाही नाही खोकला."

मागून आणखी एक जण म्हणाली, आमचाही नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: औषध त्या डबीतच आहे! शेगडी नुसती दाखवायला. खरं औषध गुपचूप भिंतीवर टांगतात, गुण येतो का बघतात, आणि आला की काढून नेतात, शहरातल्या बड्यांच्या पोरांसाठी.

भर हिवाळ्यात नुर्झात पुन्हा आली, पुन्हा डबी टांगली. मी पुन्हा चूल लिंपली, पाहुण्यासाठी करतात ते सगळं केलं. बेगायिमचा खोकला पुन्हा थांबला. आठवड्यानं नुर्झात डबी न्यायला आली तेव्हा डबी माझ्या गोधड्यांच्या चळतीत, अगदी तळाशी होती.

"देणार नाही," मी सांगितलं.

"आपा, ती माझी नाही हो. कार्यालयाची आहे."

"माझी नातही माझी एकटीची नाही. तिचा बाप मॉस्कोत विटा उचलतोय तिच्यासाठी. हवं तर सरपंचाला बोलाव, त्याच्या व्याह्यांना बोलाव."

ती रडायच्या बेताला आली होती, पण ते डबीसाठी नव्हतं हे नंतर कळलं. "ठेवा मग," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली. "तसंही आता काही होणार नाही. पहिल्या फेरीचा निकाल आलाय. शेगडीच्या घरात जेवढा धूर, तेवढाच बिनशेगडीच्या घरात. काही फरक नाही. साहेब म्हणतात, शेगड्यांचा उपयोग शून्य. पुढच्या वर्षीच्या शेगड्या रद्द होणार."

तोल्कुनच्या हातातली चहाची किटली तशीच हवेत राहिली.

"शेगड्या खड्ड्यात जाऊ देत!" मी म्हणाले. "डबीनं खोकला जातोय ना? डब्या वाटा."

"डबीनं?"

"डबी असली की पोर खोकत नाही. अनारकुलचाही नातू खोकत नाही. आम्हाला काय कळत नाही होय?"

नुर्झातनं चुलीकडे पाहिलं, ताज्या लिंपणाकडे, बाजूच्या लाकडांकडे. "आपा, तुम्ही तर मला सांगितलं होतं, गोवऱ्या जाळतो म्हणून."

"जाळतोच. सगळा हिवाळा."

"मग ही लाकडं?"

"घरात पाहुणा असताना गोवऱ्या जाळू? माझ्या आईनं मला असं वाढवलं नाही."

"कोण पाहुणा?"

मी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बोट केलं.

तिनं हळूच विचारलं, "अनारकुल आजींनी पण असंच केलं असेल?"

"गावात लाज सोडलेली एकही बाई नाही," मी म्हणाले. माझं वाक्य संपायच्या आधी तोल्कुनला सगळं कळलं होतं. तिनं किटली खाली ठेवली आणि तोंडावर हात धरला. मला कळायला थोडा वेळ लागला. माझी नात गोवऱ्यांच्या धुरानं खोकत होती आणि तो धूर आम्ही सगळ्यांनी मिळून, लाजेपायी, डबीपासून लपवला होता.

नुर्झात म्हणाली, "बिनशेगडीच्या सगळ्या घरांत जाऊन विचारते. झालं ते जसंच्या तसं साहेबांना कळवते. मग डबी पुन्हा टांगू, आणि तुम्ही रोज जाळता तेच जाळायचं. घर जसं असतं तसं."

"आणि मग शेगड्या येतील?"

"ते मी नाही सांगू शकत. जे दिसेल ते लिहीन."

"शपथ घे."

"नाही घेत."

शपथ घेतली असती तर मी तिला दारातूनच हाकलली असती. मी गोधड्या उपसून डबी काढून दिली.

"पोर घरात असायलाच हवी का?" मी विचारलं.

"नाही, आपा. डबीला धूर हवाय. पोर नकोय."

ती पुन्हा आली, डबी टांगून गेली. तोल्कुननं गोवऱ्यांची टोपली आणली आणि चुलीपाशी तशीच उभी राहिली. तिचा हात पुढे होईना. मी बेगायिमला शालीत गुंडाळलं, पक्कड घेतली आणि अंगणात जाऊन फाटकाची तार सोडली.

कालिपानं दार उघडलं. "अगंबाई! वाट चुकलीस का काय?"

"पोरीला आठवडाभर ठेवशील का? तोल्कुनही येईल तिच्याबरोबर."

"आणि तू? तुला आमंत्रण द्यायला सरपंचाला पाठवू?" बोलता बोलता तिनं पोरीला माझ्या हातातून घेतलंही होतं. "फाटक तू बांधलंस, झूराकान. मी तर रोज दोन पोरांपुरतं दूध तापवत होते."

मी परत फिरले.

घरी आले, चुलीत गोवऱ्या घातल्या. ओलसर होत्या, रोजच्यासारख्याच. लिंपण मी सकाळीच ठोकून काढलं होतं. भेगांतून धूर आला, छताला लागला, मग खाली उतरला. पाहुण्याच्या तोंडावर धूर सोडून बसायची माझी ही पहिलीच वेळ. लाकडांची रास दारामागेच होती आणि दोनदा माझा हात तिकडे गेला. दोनदा मी तो मागे घेतला. डबीचा हिरवा दिवा धुरात जेमतेम दिसत होता.

बेगायिम पलीकडच्या घरात होती. तरी घरातला खोकला थांबेना. इतकी वर्षं मी पोरीचाच मोजत होते, आपल्या छातीकडे कधी कान दिलाच नव्हता. मी भिंतीला टेकून बसले, डोक्याच्या रुमालानं डोळे पुसले आणि डबीकडे तोंड केलं.

"ऐकत असशील तर हेही ऐक," मी म्हणाले, आणि खोकत राहिले.