करडा पट्टा

त्याने गुलाबी रंगावर क्लिक केलं आणि पडद्यावरचा कागद पांढरा झाला. निळी अक्षरं तेवढी जागेवर राहिली. स्कॅन केलेल्या कागदातून रंग बाजूला काढायचा आणि अक्षरं काळी करायची, हे छपाईच्या दुकानातलं त्याचं नेहमीचं काम. या चिठ्ठ्या समोरच्या गल्लीतल्या काकूंच्या होत्या. घशाच्या ऑपरेशननंतर काकांचा आवाज गेला तो गेलाच; मग शेवटपर्यंत ते हाताला येईल त्या कागदावर लिहून बोलत राहिले. काकूंना त्याचं छोटंसं पुस्तक करून मुलांना द्यायचं होतं.

मध्येच त्याला हसू फुटत होतं. ‘मीठ विसरलीस. आवाज गेलाय माझा, जीभ नाही.’

एक चिठ्ठी मात्र साफ होईना. ‘पंखा कमी कर’ या शाईतल्या ओळीच्या वर करडा पट्टा उरला होता. कसला डाग आहे ते बघावं म्हणून त्याने तो गडद केला, तर त्यातून पेन्सिलीची खोडलेली अक्षरं वर आली.

‘आता पुरे. मला जाऊ दे.’

त्याचा हात माउसवरून निघाला. दार न वाजवता कुणाच्या तरी खोलीत शिरल्यासारखं झालं. काकांनी स्वतःच खोडलं असणार, त्याने मनाशी ठरवलं, आणि करडा रंगही कागदाच्या रंगात जमा केला. पट्टा गेला.

जेवताना बायकोने विचारलं, “काय बिनसलंय?”

“कुठे काय,” म्हणून त्याने ताट सरकवलं.

काकू पुस्तक न्यायला आल्या. पानं उलटत, हसत त्या पंख्याच्या चिठ्ठीपाशी आल्या आणि थांबल्या.

“इथं वर काही नव्हतं?”

“डाग होता, काकू. काढला.” त्याने उगाचच टेबलावरचे कागद सारखे केले.

“डाग.” त्यांनी चष्मा काढून हातात धरला. “मी एवढं घासलं, तरी गेला नव्हता.”

त्याने मान वर केली.

“त्यांच्यासमोरच खोडलं मी. म्हटलं, असलं काहीबाही लिहायचं नाही. मग त्यांनी पेन मागून घेतलं आणि पंख्याचं लिहिलं. पुन्हा तो विषय काढला नाही त्यांनी.”

“मी वाचलं होतं, काकू.” त्याचा आवाज खाली गेला. “तुम्हाला विचारायला हवं होतं.”

“मी तरी त्यांना कुठे विचारलं?” त्यांनी ओळीच्या वरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. “परत आणता येईल?”

मूळ स्कॅन शाबूत होता. त्याने तो उघडला. काकू खुर्ची ओढून शेजारी बसल्या. रंग बाजूला होत गेले, अक्षरं धुरकट दिसू लागली.

“एवढंच ठेवू? फिकट?”

काकूंनी चष्मा चढवला आणि ओळ शेवटपर्यंत वाचली.

“नको,” त्या म्हणाल्या. “बाकीच्या अक्षरांइतकंच काळं करा.”