कैसरच्या नावानं

इसहाक साळवेने रंगाच्या रिकाम्या डब्याला टॉवेल गुंडाळला, वर सुतळीची गाठ मारली आणि डबा बाळारामच्या मांडीवर ठेवला.

"वाजव आता. पण नुसत्या बोटांनी."

बाळारामने थाप मारून पाहिली. डबा जेमतेम कण्हला.

"ह्येका मृदुंग म्हणूचो काय आजारी मांजर?"

"मांजर तर मांजर. बाहेर ऐकू गेलं नाही म्हणजे झालं."

बाळाराम देवगडचा सुतार, रोज कपाळाला गंध लावणारा; पण कीर्तन म्हटलं की त्याचे हात शिवशिवत, मग ते रामाचं असो की येशूचं. तिसरा अशोक, जालन्याचा वेल्डर, झांजांऐवजी दोन चमचे घेऊन बसला होता. आणि इसहाक स्वतः अरबी मुलखातल्या यान्बूच्या रिफायनरीवर पाइप फिटर असला, तरी संगमनेरकडे त्याला साळवेबुवा म्हणत. घराणंच ख्रिस्ती कीर्तनकारांचं. बापाने आवाज दिला, गावाने कान दिले.

इथे कान होते, तीच अडचण होती. नमाजाखेरीज दुसरी कुठलीही उपासना चारचौघांत करायची नाही, असा इथला कायदा. सापडलं की पासपोर्टवर खुरूजचा, म्हणजे कायमच्या हकालपट्टीचा शिक्का, पुढचं विमान, आणि खलास. तरी शुभ शुक्रवार हा एकच सण असा, की दरवर्षी नेमका इथल्या सुट्टीच्या वारी येतो. देवानेच रजा मंजूर केल्यावर फिटरने नाही कशाला म्हणावं, असा इसहाकचा सरळ हिशेब होता. भीती वाटत नव्हती असं नाही. पण जीव तुटायचा तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. यान्बूला आल्यापासून त्याने एकदाही पोटातून आवाज काढला नव्हता. कुजबुजत कीर्तन करायचं म्हणजे तोंड मिटून जेवायचं. आज एकदा तरी मोकळ्या गळ्याने गावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि तेवढंच करता येत नव्हतं.

अशोकने दाराखालची फट चादरीने बुजवली. एसी घरघरू लागला. इसहाक उभा राहिला.

"रोमचं राज्य म्हणजे आपल्या कंपनीसारखं," तो हलक्या आवाजात सांगू लागला. "मालक लांब. त्याला कुणी पाहिलेलं नाही, पण त्याचं नाव घेतलं की इथले साहेब उठून उभे राहतात. मालकाचं नाव कैसर. त्याचा इथला सुभेदार पिलात. समोर कैदी उभा. कैद्याचा गुन्हा नाही, हे पिलाताला पक्कं ठाऊक. सोडणारच होता. इतक्यात गर्दीतून आवाज आला, याला सोडलंस तर कैसरकडे तक्रार जाईल! झालं. सुभेदाराने हात झटकले."

इथे त्याचं स्वतः रचलेलं पद होतं. पहिली ओळ त्याने दबक्या आवाजात म्हटली. दुसऱ्यांदा म्हणताना मात्र तो यान्बू विसरला, कामगारांचा कॅम्प विसरला.

"कैसर बसला सिंहासनी, न्याय उभा अनवाणी!"

बाळारामनेही टॉवेल ओढून फेकून दिला. चमचे कडकडले. खोली दणाणली.

आणि दारावर थाप पडली.

दारात कैसर खान उभा होता. पेशावरचा पठाण, कॅम्प बॉस. खोल्यांवर नजर ठेवणं आणि सिक्युरिटीला वर्दी देणं हे त्याचं काम. गंमत म्हणजे इतका वेळ तिघांपैकी एकालाही त्याची आठवण झाली नव्हती. कीर्तनातला कैसर आणि कॅम्पातला कैसर हे मराठी कानांना दोन वेगळे इसम होते. पठाणाच्या कानाला एकच.

"ओय इसहाक, हमारा नाम लेके क्यों चिल्लाता है?"

"भजन है, खानसाब," बाळाराम घाईघाईने म्हणाला. त्याने डबा पाठीमागे सारला.

खोटं बोलायला जागा होती. पण उभा राहिलेला कीर्तनकार आख्यान अर्धं टाकून बसत नाही, आणि खोटं तर मुळीच बोलत नाही. बापाची शिकवण.

"तुम्हारा नाम नहीं. रोम के बादशाह का," इसहाक म्हणाला. "आज हमारा पाक दिन है. उसी का किस्सा है."

"रूम का कैसर?" खानाच्या मिशा हलल्या. "हमारा बाप ने उसी पे नाम रखा. सुनाओ."

तो कॉटवर बसला. इसहाकने उरलेलं आख्यान मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. अशोक घाम पुसत होता.

"गव्हर्नर को मालूम था, बंदा बेकसूर है?" खानाने मध्येच विचारलं.

"मालूम था."

"फिर?"

"नौकरी का डर."

खानाने मिशी पिळली. मग म्हणाला, "हमारी किताब में ये किस्सा ऐसा नहीं है."

"मालूम है, खानसाब."

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. खान उठला, कुणाकडेही न बघता बाहेर गेला आणि दार ओढून घेतलं. अशोकने डोळे मिटले. इसहाक भिंतीला टेकला नाही. ताठ उभा राहिला. पकडायचंच असेल तर कीर्तनकाराला उभ्याने पकडावं, बसलेला असताना नव्हे.

सिक्युरिटीवाल्याने अरबीत विचारलं, आत कसला गोंधळ आहे? कैसर, कैसर असं काय ओरडत होते?

साइटवरची अरबी इसहाकला कळत होती. तो श्वास रोखून ऐकू लागला.

"शिव्या देतायत मला," खान अरबीतच म्हणाला. "कालपासून पाणी बंद आहे ना. सुट्टीच्या दिवशी माझ्या नावानं खडे फोडतात. फोडू देत. मला सवय आहे."

सिक्युरिटीवाला खदाखदा हसला. जीप सुरू झाली, पण गेटपर्यंत जाऊन तिथेच उभी राहिली.

दार किलकिलं झालं. खानाने नुसतं डोकं आत घातलं. त्याचा चेहरा उतरला होता, आणि रागही तेवढाच दिसत होता.

"वो वहीं खडा है, सुन रहा है," तो दात आवळून म्हणाला. "अब पूरा करो. और जोर से. गाली कोई धीरे से नहीं देता."