साक्षीदार निळा होता

चपलांच्या दुकानात नोकरी करणाऱ्याला फुकट असं काही मिळत नाही. मला पुड्या मिळायच्या. नव्या बुटाच्या आत, पार बोटांच्या टोकाशी, एक पांढरी पुडी कोंबलेली असते. आत काचेसारखे बारीक दाणे, वर ठळक अक्षरांत छापलेलं : खाऊ नका. गिऱ्हाईक बूट चढवतं, आरशासमोर दोन पावलं चालून बघतं, पुडी तिथंच टाकतं आणि जातं. आजवर आमच्या दुकानात एकानेही ती खाल्लेली नाही. म्हणजे सूचना वाचतात लोक.

मी त्या गोळा करून घरी आणायचो, कारण घरी बाबांच्या पलंगाखाली एक लोखंडी ट्रंक होती आणि त्या ट्रंकेत बाबांनी आपलं उरलेलं आयुष्य ठेवलं होतं. त्याला गंज लागू नये ही जबाबदारी माझ्याकडे होती.

"काय जोडेवाले, माल आणला का?" मी दारात चपला काढत असतानाच बाबा विचारायचे.

"आणला. आज लेडीज सँडल जास्त खपल्या, त्यामुळे पुड्या नाजूक आहेत."

बाबा टूलरूममध्ये साचे बनवायचे. त्या कामात केसाएवढी चूक ही चूक नसते, घोडचूक असते. ट्रंकेत त्यांचा जाडी मोजायचा मायक्रोमीटर होता, व्हर्नियर होते आणि एका लाकडी पेटीत, मखमलीच्या खाचांमध्ये, स्लिप गेजचे ठोकळे होते. पोलादाचे लहान लहान चौकोनी तुकडे. दिसायला काही नाही, पण बाकीची सगळी मापं खरं बोलतात की नाही हे यांच्यावरून ठरवायचं. बाबांना ते त्यांच्या उस्तादांनी निवृत्त होताना दिले होते. दोन ठोकळे स्वच्छ पुसून एकमेकांवर सरकवले की चिकटतात. डिंक नाही, चुंबक नाही. नुसते इतके सपाट, की मधे शिरायला कशाला वावच नाही. लहानपणी बाबांनी असे दोन जोडून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, ओढ. मला सुटेनात. मी विचारलं, "तुम्ही आणि आई असे आहात का?"

"नाही," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

मग बाबांचे हात कापायला लागले. आधी उजवा, आणि काही महिन्यांनी डाव्यानेही त्याचं बघून सुरू केलं. टूलरूमच्या मालकांनी निरोप देताना खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "हात थांबले की या परत. तुमची जागा तुमचीच आहे." असं सांगायचं असतं म्हणून सांगितलं. बाबांनी मात्र ते मापासारखं धरलं. हात थांबले की जायचं. हात कधी थांबतील ते हातांचं हातांनी बघावं, हत्यारं तयार पाहिजेत.

ठोकळ्यांना बोटाचा घामसुद्धा चालत नाही. कापऱ्या हातांनी एखादा खाली पडला असता तर बाबा त्याच्या मागोमाग गेले असते. म्हणून त्यांनी ट्रंकेला हात लावणं सोडलं आणि मला शिकवलं. ट्रंक जेवढी कमी उघडाल तेवढी बरी. उघडायची तर कोरड्या दिवशी. पुड्या बदलायच्या, झाकण लावायचं, कडेने चिकटपट्टी मारायची. हे सगळं होईपर्यंत श्वास रोखायचा.

"श्वास कशाला?"

"श्वासात पाणी असतं."

"माझ्या श्वासात?"

"तुझ्या बोलण्यातही असतं. गप्प राहून कर."

जुन्या पुड्यांमधले दाणे आई कढईत भाजून पुन्हा कोरडे करायची आणि कापडाच्या थैल्यांत भरायची. बाबा मागे उभे.

"मंद आच. मंद. करपवू नकोस."

"माझ्या भाजीची कधी एवढी काळजी केली नाहीत."

"करपलेली भाजी खाता येते," बाबा म्हणाले.

दुकानातल्या पांढऱ्या दाण्यांचं एक वाईट असतं, ते पोट भरलं की सांगत नाहीत. म्हणून बाबांनी एका बारीक भोकाच्या झाकणाच्या बाटलीत निळे दाणे आणून ठेवले होते. कोरडे असले की निळे, ओल लागली की गुलाबी. त्या बाटलीला आम्ही साक्षीदार म्हणायचो. ट्रंक उघडताना बाबा आपल्या श्वासाच्या भीतीने बाहेरच्या खोलीत थांबायचे, मग साक्षीदाराला त्यांच्यापुढे हजर करायचं.

"निळा आहे," मी म्हणायचो.

"निळा आहे," बाबा म्हणायचे आणि त्या दिवशी त्यांना झोप लागायची.

असं बरं चाललं होतं. मग भावोजींनी मदत केली.

ताईचे यजमान वॉटरप्रूफिंगचं काम करतात. लोकांची गळकी छतं बंद करून देतात. त्यांचं स्वतःचं छत गळतं, पण ते त्यांनी गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलंय असं ते सांगतात. पाण्याशी आपलं जुनं वैर आहे अशा थाटात ते वावरतात, आणि माणूस खरंच प्रेमळ. एकदा आले ते हातात एक प्लॅस्टिकचा डबा घेऊन. वर पांढरे खडे, मधे जाळी, खाली रिकामी जागा.

"मामा, त्या पुड्याबिड्या सोडा. हा हवेतलं पाणी ओढून खाली जमा करतो. डोळ्यांना दिसतं. महिनाभरात अर्धा डबा भरतो की नाही बघा."

बाबांनी डबा कापऱ्या हातात धरून वाचला. त्यांचा चेहरा मला दिसला. पुड्या पाणी पोटात ठेवतात. हा ते साठवून समोर ठेवणार, आणि तेही खारट पाणी, पोलादाच्या शेजारी. हे बाबांना कळलं नाही असं नाही. पण समोर जावई होता. आमच्या घरात जावयाला नाही म्हणायची पद्धत नाही. ताईच्या लग्नापासून बाबा त्यांच्यासमोर बिनसाखरेचा चहा पितात, कारण एकदा भावोजींनी साखर वाईट असं म्हटलं होतं.

"उत्तम आहे," बाबा म्हणाले. "ठेव रे ट्रंकेत."

भावोजी गेल्यावर मी विचारलं, काढू का. आई म्हणाली, "राहू दे. जावईबापू परत आले की विचारतील." बाबा फक्त म्हणाले, "ट्रंक हलवू नका."

ट्रंक कोणी हलवली नाही. आईने फक्त पलंगाखाली केर काढायला ती एका कडीला धरून जराशी उचलून बाजूला ओढली. तिला वाटलं, यात काय हलवणं.

पुढच्या कोरड्या दिवशी मी श्वास रोखून झाकण उघडलं आणि श्वास रोखायचं विसरून गेलो. डबा आडवा पडला होता. आतलं पाणी सगळं लाकडी पेटीत उतरलं होतं, मखमल ते पिऊन बसली होती, आणि त्या ओल्या मखमलीत ठोकळे कोण जाणे किती दिवस झोपले होते. तांबूस, खरखरीत, फुगल्यासारखे. मायक्रोमीटर गच्च बसला होता. साक्षीदार गुलाबी होता. लाजल्यासारखा.

बाबा अंघोळीला गेले होते. मी आईला बोलावलं. तिने वाकून बघितलं आणि पदराने एक ठोकळा पुसायला लागली. पदराला रंग लागला, ठोकळ्याचा गेला नाही.

"घासून निघेल?" तिने विचारलं.

"घासला तर मापाचा राहणार नाही."

"मग?"

"मग काही नाही. पेपरवेट."

ती पलंगाच्या कडेवर बसली. आत नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"सांगू नकोस," ती म्हणाली. "हात थांबले तर बघू."

"डॉक्टर म्हणालेत, हे वाढतच जाणार."

"हो ना," आई म्हणाली. "म्हणजे मग उघडायचा प्रश्नच येत नाही."

आणि त्या दिवसापासून आमच्या घरात बाबांचे हात बरे होऊ नयेत असं दोन माणसांना वाटायला लागलं. दोघंही त्यांच्यावर जीव टाकणारी. आई औषध वेळेवर द्यायची, गोळी पाण्याबरोबर नीट गिळली का ते बघायची, आणि मग त्यांच्या हातांकडे बघत उभी राहायची. थरथर दिसली की तिचा चेहरा उतरायचा आणि निवांत व्हायचा, एकाच वेळी. असा चेहरा करायला जमणं सोपं नाही. मला अजून जमलेला नाही.

पुड्या मी आणतच राहिलो. साक्षीदाराला कढईत भाजून पुन्हा निळं करायचं आणि बाबांपुढे हजर करायचं. फितूर साक्षीदार असा तयार करतात हे मला तेव्हा कळलं. डबा भरला म्हणून बाहेर काढला, असं आम्ही बाबांना सांगितलं. त्यांना हायसं वाटलं. आईने तो स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवला आणि नळाचं पाणी घालून काठोकाठ भरला. भावोजी आले की तिकडे जाऊन बघून यायचे आणि खूश व्हायचे.

मग दवाखान्यात नवीन डॉक्टरीण आली. तिने जुनी गोळी बंद करून दुसरी लिहून दिली. उपयोग होईलच असं नाही, म्हणाली. आई म्हणाली, "नाही ना?" डॉक्टरणीला वाटलं, काळजीने विचारतायत.

एका सकाळी मी दाढी करत होतो तेव्हा घरात काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पंखा चालू होता, रस्त्यावरचे आवाज येत होते. मग लक्षात आलं. बाबा चहा पीत होते आणि कपबशीचा आवाज येत नव्हता. इतकी वर्षं आमची सकाळ त्या खुळखुळाटानेच व्हायची. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात झारा, कपड्यांवर तेल गळत होतं.

बाबांनी कप बशीत ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला. लहान मुलासारखे हसले.

"ट्रंक काढ," ते म्हणाले.

"आज हवा दमट आहे," मी म्हणालो.

"काढ रे."

"दुकानाला उशीर होतोय."

"मी काढतो."

त्यांनी साबणाने हात धुतले, पुसले, पंख्याखाली धरून वाळवले. जमिनीवर पांढरं फडकं अंथरलं. ट्रंक स्वतः ओढली, चिकटपट्टी एका रेघेत सोलून काढली. उघडताना त्यांनी श्वास रोखला. आम्हीही.

बराच वेळ त्यांनी तो सोडला नाही.

मग त्यांनी पेटीतला एक ठोकळा काढला. मखमलीचा तुकडा त्याच्याबरोबर आला. दुसरा काढला. दोन्ही फडक्याने पुसले, एकावर एक ठेवून हळू सरकवले. खर्रर्र असा आवाज आला. हात उघडला. वरचा घसरून फडक्यावर पडला. पुन्हा सरकवले. पुन्हा पडला. हात अजिबात कापत नव्हता. मी एवढंच बघत होतो, की आता तरी कापेल.

"कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"डबा बाहेर काढला तेव्हा."

"साक्षीदार निळा होता."

"मी भाजत होतो."

बाबांनी मान हलवली. "चांगला भाजायचास. करपवला नाहीस."

आई म्हणाली, "ट्रंक मी ओढली होती. केर काढायला." मग तिने पुढे जोडलं, "जावईबापूंना काही बोलू नका."

"त्यांना काय बोलायचं. मनापासून दिलं त्यांनी."

मी दुकानात फोन करून पोट बिघडल्याचं सांगितलं. मालक म्हणाले, पुडी खाल्लीस का. एरवी मी हसलो असतो.

दुपारी बाबांनी ठोकळे एकेक करून परत खाचांत ठेवले. मायक्रोमीटर ठेवला, व्हर्नियर ठेवले. मग माझ्याकडे हात पसरला.

"पुड्या दे."

"आता कशाला?"

"आहे तेवढाच राहू दे. वाढायला नको."

मी कालच्या पुड्या आणून दिल्या. गंज सुरक्षित राहावा म्हणून त्यांनी त्या ट्रंकेच्या चारही कडांना रचल्या, कडेला कड लावून, सगळ्यांची अक्षरं एका बाजूला येतील अशा. कुठे फट नव्हती. इतकं देखणं काम मी त्यांच्या हातून कधी बघितलं नव्हतं. मधे साक्षीदार ठेवला. झाकण लावलं.

संध्याकाळी ताई आणि भावोजी आले. बाबांचे हात बघून ताई रडायला लागली, भावोजींनी त्यांचा हात हातात घेऊन खालीवर केला, दाबून बघितला, एखादी भिंत तपासावी तसा.

"कमाल झाली मामा. आता परत कामाला. हत्यारं तयारच आहेत."

"तयार आहेत," बाबा म्हणाले.

"आमच्या डब्याचं काय म्हणणं आहे?"

आई उठायला लागली. बाबांनी तिला हातानेच बसवलं. स्वयंपाकघरात जाऊन फळीवरचा डबा काढला. नळाच्या पाण्याने काठोकाठ भरलेला, वर झाकण नाही. तो एका हातात धरून ते स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत चालत आले, उंबरा ओलांडला, खुर्चीला वळसा घातला आणि जावयासमोर टेबलावर ठेवला. एक थेंब सांडला नाही.

भावोजी वाकून पाण्याकडे बघत राहिले. मग समाधानाने मागे टेकले.

"बघा मामा. एवढं सगळं पाणी तुमच्या त्या ठोकळ्यांवर गेलं असतं."

"हो," बाबा म्हणाले. "वाचले."