प्रशिक्षणाचे तीस तास

आमच्या संस्थेचा नियम असा की प्रत्येक समाजसेविकेने वर्षाकाठी तीस तास प्रशिक्षण घ्यायचं. एक तास कमी भरला तरी पुढच्या वर्षीचा करार विसरायचा. अकोल्याहून अमरावतीला यायचं, राजापेठेतल्या एका हॉलमध्ये बसायचं, सकाळ-संध्याकाळ हजेरीचा फोटो द्यायचा. बारा वर्षं मी हे करतेय. समोरच्याचं ऐकून कसं घ्यायचं, हे मला दरवर्षी नव्याने शिकवतात.

परवा माझे शेवटचे सहा तास उरले होते. जेवणानंतर प्रशिक्षकांनी गटागटांत चर्चेसाठी एका प्रकरणाचा कागद वाटला. नाव-गाव काढलेलं. 'मुलगी, वय सोळा. वडिलांची फुलशेती. बालविवाह थांबवल्यावर बालकल्याण समितीपुढे जबाब. कार्यकर्ती गैरहजर. मुलगी घरी परत.' चार ओळी वाचल्या आणि मी ओळखलं. ही पातूरची करिश्मा होती. माझी करिश्मा.

तिला घरी परत जायचं नव्हतं, वसतिगृहात राहून शिकायचं होतं. मी तिला शब्द दिला होता, "जबाबाच्या दिवशी मी तुह्या बाजूले बसून राहीन. तू फक्त खरं सांग." नेमकं त्याच दिवशी माझं प्रशिक्षण निघालं. आमचे अधिकारी केशवराव म्हणाले, "तहरीम मॅडम, तिथं दुसरी कोणी जाईन. तुमचे तास कोण भरीन?" जी बाई गेली तिला करिश्मा ओळखतही नव्हती. समोर बापाला पाहून पोर म्हणाली, घरी जाते.

त्यानंतर तिचा फोन बंद. मी दोनदा पातूरला गेले. तिच्या वडिलांनी, नत्थुजींनी, मला दारातच अडवलं. "आता काहून येऊन राहिल्या? पोरगी दिली आमी." कुठे दिली ते सांगितलं नाही. दोन वर्षं झाली. ती कुठे आहे, बरी आहे का, एवढंच मला कळायला हवं होतं.

आमच्या गटात प्रणाली होती. नोकरीत नवीन, हुशार, तोंडाने फटकळ. "कार्यकर्ती जबाबाले आलीच नाही," ती म्हणाली. "लिहा ताई, बेजबाबदार." माझं अक्षर चांगलं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. मी लिहिलं.

मग प्रशिक्षक म्हणाले, "आता पान उलटा."

मागे एकच ओळ होती. 'महिन्याभरात विवाह. पुढच्या वर्षी बाळंतपणात मुलीचा मृत्यू.'

हॉलमध्ये जरा हळहळ झाली. उपाय काय, असं विचारल्यावर मागून कोणीतरी म्हणालं, प्रशिक्षणाचे तास वाढवा. प्रशिक्षकांनी ते फळ्यावर लिहून घेतलं. मला रडू येत नव्हतं. राग येत होता, आणि सगळ्यात जास्त माझाच.

मी उठले. "सर, ही पोरगी माही होती. मले आत्ता पातूरले, तिच्या मायकडे जायचं हाये."

माणूस वाईट नव्हता. त्यांचाही चेहरा उतरला. "संध्याकाळचा फोटो नसला तर सहाही तास जातील, मॅडम. माझ्या हातात नाही."

करार गेला तर माझ्याकडच्या बाकी एकवीस मुलींचं कोण बघणार, असं मी स्वतःला बजावलं आणि खाली बसले. ते पूर्ण खरं नव्हतं. मला माझ्या नोकरीचीही भीती वाटत होती.

प्रणाली हळूच माझ्याकडे सरकली. "ताई, मंग त्या दिवशी तुमी कुठं होत्या?"

"इथंच," मी म्हणाले.