खंडेनवमीला धुतलेली गाडी

केळघर घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडीनं पुन्हा आचका दिला. क्रांतीनं डोळे मिटले. उघडले तेव्हा स्टिअरिंगमागचा इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकतच होता.

मागच्या सीटवर तिची आजी, रंगूबाई, क्रांतीच्या मांडीवर डोकं टेकून पडली होती. दसऱ्याची पूजा चालू असतानाच आजीच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्सला दीड तास लागणार होता, म्हणून तिच्या आजोबांनी, निवृत्त शिक्षक असलेल्या आबांनी, घरची जुनी गाडी काढली. मेढ्याचा दवाखाना अजून अकरा किलोमीटर खाली होता, आणि आजीचा हात घामानं गार पडला होता.

आबांनी गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मेढ्याच्या मौला मिस्त्रीला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"आवं गुरुजी, काय करतीया गाडी?"

"आचके देतीय. दाबली तरी वढत न्हाई. गिअरबॉक्स गेला काय रं?"

"गेला आसंल तर घाट उतरू नगा. गिअर सुटला तर सगळा भार ब्रेकवर. आन् ब्रेक तापलं की..."

क्रांतीनं दरीकडं बघायचं टाळलं. काल खंडेनवमीला विळे, खुरपी, कुदळी धुताना आबा म्हणाले होते, "गाडीबी अवजारच हाय, नीट धू." तिनं नीट धुतली होती. बॉनेट उघडून, पाइपचं तोंड अंगठ्यानं दाबून, आतलं इंजिनसुद्धा. ते कुणालाच सांगितलं नव्हतं. चकचकीत इंजिन दाखवून आज शाबासकी घ्यायची होती.

"गिअर काढा," मौला म्हणाला. "न्यूट्रलला टाका. आता?"

गाडी जागच्या जागी थरथरत राहिली.

"हादरतीयच."

"मग गिअरबॉक्स न्हाई. गिअर तर काढलाय न्हवं? इंजनातच एका प्लगला करंट पोचंना. पानी गेलंय का कुठं?"

"पानी कुठलं? धा दिस पाऊस न्हाई."

"मग तितंच थांबा. मी येतो. पाऊण तास लागंल."

"पाऊण तास," आजी पुटपुटली आणि तिनं क्रांतीचा हात घट्ट धरला.

क्रांतीनं हाक मारली. "आबा..."

आबा मागं वळले. वर्गात उत्तर अडलेल्या पोरापुढं थांबायचे, तसे ते थांबले. थांबायला वेळ नव्हता, तरी थांबले.

"मी पाइप मारला. काल. इंजनावर."

"आगं बया!" फोनमधून मौला ओरडला. "प्लगांवरच्या चार काळ्या टोप्यांवर?"

"व्हय."

"गुरुजी, इंजन बंद करा. एकएक टोपी उपसा, कोरडी करा, तिची तिथंच बसवा. टोपीखालच्या खड्ड्यात पानी आसंल तर पुसून काढा. लय तापलंय, हात सांभाळा."

आबांची जाड बोटं आत शिरेनात, म्हणून टोप्या क्रांतीनंच उपसल्या. तिसऱ्या खड्ड्यात पाणी होतं. ओढणीच्या टोकाला पीळ देऊन तिनं आत घातलं. ओलं निघालं. पुन्हा ओलं. चौथ्यांदा कोरडं निघालं.

इंजिन दोनदा खोकलं आणि मग एका लयीत चालू लागलं.

"दिवा अजून हाय!" क्रांती किंचाळली.

"लुकलुकतोय का स्थिर?"

"स्थिर."

"स्थिर आसंल तर चालतंय, लगीच जायचा न्हाई तो. दुसऱ्या गिअरात, सावकाश उतरा. मी वर निघालोय, वाटंत गाठतो."

"नशीब माझं," आजी डोळे न उघडता म्हणाली, "मला न्हाई धुतलीस."

क्रांतीला हसू आलं नाही. प्रत्येक वळणाला आबा विचारत होते.

"दिवा?"

"स्थिर."

"आजी?"

आजीची छाती वर येईपर्यंत क्रांती उत्तर देत नव्हती.

दवाखान्यात स्ट्रेचर आत गेलं, दार बंद झालं. आबांनी चावी काढली. दिवा विझला आणि क्रांतीला बघायला फक्त ते दार उरलं. वाटेत गाठून मागोमाग आलेला मौला शेजारी येऊन उभा राहिला.

बऱ्याच वेळानं नर्स बाहेर आली. "क्रांती कोण हाय? आजी म्हणतायत, गाडीला हात लावू नगं म्हणावं."

तेव्हा कुठं क्रांती पायरीवर खाली बसली.