बिल्ल्याचा कप्पा

टेबलामागच्या मुलीने पुढे केलेलं पेन स्वरूपाने घेतलं, कोऱ्या बिल्ल्यावर आपलं नाव जपानी अक्षरांत नीट लिहिलं आणि नावाखालच्या चौकोनापाशी येऊन ती थांबली. चौकोनात बॅचचा आकडा लिहायचा होता. बाकीच्या बायका पेटीतून आपापला जुना बिल्ला काढून घेत होत्या. कुणाच्या चौकोनात अठ्ठावन्न, कुणाच्या चव्वेचाळीस. स्वरूपाने थोडा विचार केला, चौकोन तसाच रिकामा सोडला आणि बिल्ला काळ्या कोटाला लावून टाकला.

कावासाकीजवळच्या त्या महिला महाविद्यालयात माजी विद्यार्थिनींचा संघ होता आणि संघाचा मेंटॉर वर्ग होता. दर जूनमध्ये नवा वर्ग भरायचा आणि नोकरी शोधणाऱ्या प्रत्येक मुलीला एक माजी विद्यार्थिनी मार्चपर्यंत हाताखाली घ्यायची. यंदा घोडं अडलं होतं ते कॉम्प्युटरवाल्या मुलींपाशी. तो विभाग नवा, आणि त्या क्षेत्रात गेलेली माजी विद्यार्थिनी शोधून सापडेना. मग कॉलेजने आसपासच्या सॉफ्टवेअर कंपन्यांना विचारलं आणि स्वरूपाच्या ऑफिसात हात वर केला तो एकट्या स्वरूपाने. एका वर्षापुरता अपवाद, असं संघाने आधीच स्पष्ट केलं होतं.

"ना तुझं कॉलेज, ना तुझं माहेर," अवधूत म्हणाला होता. "शनिवार फुकट घालवायची हौस फार."

नवऱ्याचं हे म्हणणं खोटं नव्हतं. पण पुण्याहून इथे आल्याला अकरा वर्षं झाली, आणि या अकरा वर्षांत आपण कुणाला काही शिकवावं असं तिला कुणी विचारलं नव्हतं. ती हौस तिने मनातल्या मनात मान्य करून टाकली.

ओळखी सुरू झाल्या. प्रत्येक बाई उठायची, आधी बॅच सांगायची, मग नाव. स्वरूपाने नुसतं नाव सांगितलं. संघाच्या अध्यक्षा ओगाता-सान, सत्तरी ओलांडलेल्या, ताठ बसणाऱ्या, त्यांनी मान किंचित कलवून पुढच्या आकड्याची वाट पाहिली. तो येत नाही म्हटल्यावर त्यांनी सौम्यपणे पुढच्या बाईंकडे हात केला. जपानी माणसाच्या सौम्यपणाने जितकं लागतं तितकं आपल्याकडच्या खडसावण्यानेही लागत नाही, असं स्वरूपाला तेव्हा वाटलं.

सभा संपली की बिल्ले परत द्यायचे. पेटी लाकडी होती, आत प्रत्येक बॅचला एक कप्पा. सुरुवातीचे काही कप्पे मोकळे होते; त्या बॅचच्या बायका आता हयात नव्हत्या. तरी ते कप्पे दुसऱ्या कुणाला दिलेले नव्हते. दर महिन्याला ओगाता-सान ते स्वतःच्या रुमालाने पुसायच्या. स्वरूपाच्या बिल्ल्याला कप्पाच नव्हता. टेबलामागच्या मुलीने तो दोनदा इकडेतिकडे फिरवला आणि शेवटी झाकणात, चिकटपट्टीच्या शेजारी ठेवून दिला.

स्वरूपाच्या वाट्याला आली ती होनोका. वीस वर्षांची, बोलताना स्वतःच्या गुडघ्यांशी बोलणारी. लहान गावातली, घर रेल्वेच्या फाटकाला लागून. लाल दिवा लागतो, फाटक पडतं, गाडी जाते, फाटक उघडतं. हे कसं होतं या एका प्रश्नापायी ती कॉम्प्युटर शिकायला आली होती. रेल्वेच्या सिग्नल यंत्रणा बनवणारी एक कंपनी तिने मनात धरली होती. मुलगी हुशार होती, आणि जुलैपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका शनिवारी तिने सांगितलं की ती बँकेत अर्ज करणार आहे.

"तुला बँक आवडते?" स्वरूपाने विचारलं.

"तिथे आपल्या कॉलेजच्या पुष्कळ सेनपाई आहेत."

"मी ते नाही विचारलं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. इथे अर्ज करण्याआधी त्या कंपनीतल्या आपल्या कॉलेजच्या सेनपाईला, म्हणजे सीनियरला, जाऊन भेटायची रीत. ती कामाबद्दल सांगते, चार शब्द आत टाकते. सिग्नलच्या कंपनीत या कॉलेजची एकही मुलगी आजवर गेलेली नव्हती. भेटायचं कुणाला? आणि जिथे आपल्याआधी कुणी गेलेलं नाही तिथे जाणं म्हणजे आगाऊपणा, असं होनोकाच्या आईचंही म्हणणं होतं.

स्वरूपाला राग आला. मुलीचा नव्हे, त्या 'आधी कुणी नाही' या शब्दांचा. ती शब्द जुळवत बसली नाही.

"माझ्या कॉलेजात मला एकही सेनपाई नव्हती," ती म्हणाली. "आमचीच पहिली बॅच होती."

मग तिने सांगितलं ते या देशात कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात, साखर कारखान्याच्या जुन्या गोदामात निघालेलं इंजिनिअरिंग कॉलेज. मुलींचं वसतिगृह म्हणजे त्याच गोदामाचं अर्धं, मध्ये पत्र्याची भिंत. गळिताच्या हंगामात मळीचा वास अंथरुणापर्यंत यायचा. प्रयोगशाळेत मशीन आलेलं, पण ते चालू करून दाखवणारं कुणी नाही. तिने आणि तिच्या मैत्रिणीने, गीताने, पुस्तक मांडीवर ठेवून ते चालू केलं होतं. परीक्षा कशी असते, मुलाखतीला काय घालतात, कुणाला विचारणार? आणि आता ते कॉलेजही नाही. प्रवेश आटले, बंद पडलं, त्या जागी मंगल कार्यालय झालं. पदवीच्या कागदावरचं नाव इंटरनेटवर शोधलं तर लग्नाच्या हॉलचे फोटो येतात.

हे शेवटचं सांगताना ती हसली, पण तिला हसू आलेलं नव्हतं. होनोका पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांकडे बघत होती.

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. पण चुकलं तर हसायलाही कुणी नव्हतं. आम्ही करू तीच पद्धत."

सेनपाई नाही म्हणून अडून बसायचं, हे स्वरूपाच्या रक्तात नव्हतं. आपल्याकडे सीनियर नसला तर ओळख काढतात. मराठी माणूस परमुलखात भेटला की पहिला प्रश्न 'मूळचे कुठले', आणि तिसऱ्या प्रश्नाला कुणाची तरी आतेबहीण निघतेच. तिने सांगलीला गीताला फोन लावला, गीताने नणंदेला, आणि दोन दिवसांत निरोप आला. नणंदेच्या जावेचा मावसभाऊ अंबरीष नागोयाहून बदलून तोक्योत आलाय, एदोगावात राहतो, आणि कामाला आहे नेमका त्याच सिग्नलच्या कंपनीत. स्वरूपाने टाळीच वाजवली.

भेट ठरली ती एदोगावातल्या मराठी मंडळींच्या गणपतीत, भाड्याच्या हॉलमध्ये. होनोका मुलाखतीचा काळा सूट घालून आली. पैठण्या आणि गजऱ्यांच्या गर्दीत ती एकटी काळी, दोन्ही हातांत मोदकाची कागदी प्लेट धरून अवघडून उभी. अंबरीषने आधी तिला मोदक खायला लावला, मग सतरंजीवर बसून कागदावर रूळ काढले आणि सिग्नल कसा बोलतो ते समजावत राहिला. आरतीची वेळ झाली तरी दोघं उठेनात. होनोका प्रश्नावर प्रश्न विचारत होती, आणि गुडघ्यांशी नव्हे, अंबरीषशी बोलत होती. स्वरूपा टाळ हातात घेऊन लांबून बघत राहिली. आपल्या पोटच्या पोरीकडे, तन्वीकडे, ती स्नेहसंमेलनात बघते तशी.

नोव्हेंबरात ओगाता-सानचं बोलावणं आलं. पहिल्या मुलाखतीत होनोकाला रीतीप्रमाणे विचारलं गेलं होतं, आमच्याकडे कुणाला भेटलात? तिने खरं ते सांगितलं, गणपतीच्या हॉलसकट. कंपनीतून कुणीतरी कुतूहलाने कॉलेजला फोन केला. ओगाता-सान आवाज न चढवता बोलल्या. मुलींच्या ओळखी संघामार्फत होतात. त्याला कारण आहे. उद्या मुलीने नोकरी नाकारली तर ओळख देणाऱ्याची मान खाली जाते, आणि ती मान संघाची असेल तर संघ ती पुन्हा वर करू शकतो. परक्या माणसाची मान आम्ही कशी वर करणार?

त्यात तथ्य होतं. स्वरूपाला ते पटलं, आणि पटलं म्हणून जास्त लागलं. अंबरीषचा विचार तिने खरंच केला नव्हता. आपल्या पद्धतीत एवढं कोण बघतं!

तिने कमरेत वाकून माफी मागितली. सरळ झाल्यावर म्हणाली, "चूक माझी आहे. तिची झळ होनोकाला लागू देऊ नका."

ओगाता-साननी सांगितलं की पुढच्या वर्षी अपवाद चालू ठेवायचा की नाही, ते मार्चमध्ये ठरेल. काय ठरणार हे स्वरूपाने धरूनच टाकलं.

अवधूत घरी म्हणाला, सोड आता, काम फुकटचं आणि वर बोलणी. ती म्हणाली, सोडणार नाही, काढलं तर निघेन. तिला तिथे राहायचं होतं. इतकं राहायचं होतं, हे त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं.

फेब्रुवारीत होनोकाचा मेसेज आला. कंपनीने तिला घेतलं होतं. स्वरूपा तेव्हा कावासाकीच्या प्लॅटफॉर्मवर उभी होती. समोरची गाडी तिने सोडून दिली आणि मेसेज पुन्हा वाचला. ऑफिसात तिने पेढ्यांऐवजी दाइफुकु वाटले. कशाबद्दल विचारलं तर म्हणाली, माझी मुलगी पास झाली. सगळ्यांनी तन्वीचं अभिनंदन केलं, आणि स्वरूपाने ते दुरुस्तही केलं नाही.

मार्चची सभा वर्षातली मोठी सभा. नोकरी लागलेली मुलगी उठते, आपल्या मेंटॉरचं नाव आणि बॅच सांगते. मग ओगाता-सान ती बॅच पुकारतात, त्या बॅचच्या जमलेल्या सगळ्या बायका उभ्या राहतात आणि हॉल टाळ्या वाजवतो. मान एकीचा नसतो, सगळ्या बॅचचा असतो. होनोकाची पंचाईत होऊ नये म्हणून स्वरूपाने तिला आधीच कळवलं होतं: नुसतं 'बाहेरच्या मेंटॉर' म्हण आणि पुढे जा. उत्तरादाखल वाकून नमस्कार करणाऱ्या सशाचं चित्र आलं होतं, बाकी काही नाही. स्वरूपा दाराजवळच्या खुर्चीवर बसली.

"बावन्नावी बॅच, उभ्या राहा," ओगाता-सान पुकारत होत्या. पाच-सहा बायका उठल्या, लाजत, एकमेकींना कोपरांनी ढोसत. टाळ्या झाल्या. मग होनोका उठली.

"माझ्या मेंटॉर स्वरूपा-सान," ती म्हणाली. "पहिली बॅच."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. स्वरूपाचे कान तापले.

"होनोका-सान," ओगाता-सान हळूच म्हणाल्या, "पहिल्या बॅचचं आता कुणी उरलेलं नाही."

"आपल्या कॉलेजची नाही. त्यांच्या कॉलेजची पहिली." होनोकाची मान वर होती. "त्यांच्याआधी तिथे कुणी नव्हतं. ते कॉलेज आता बंद झालंय. त्यांची बॅच पुकारायला तिकडे कुणी नाही, म्हणून मी इथे सांगते आहे."

ओगाता-सानची नजर टेबलावरच्या पेटीकडे गेली आणि तिथेच राहिली. नियम काय सांगतो ते त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या होत्या. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला, पाठ होती त्याहून ताठ केली, आणि बाकीच्या बॅचना दिला होता तोच आवाज लावला.

"पहिली बॅच, उभ्या राहा."

स्वरूपा उभी राहिली. कोपराने ढोसायला शेजारी कुणी नव्हतं. पण गीता होती, पत्र्याच्या भिंतीअलीकडच्या सगळ्याजणी होत्या, पुस्तक मांडीवर घेऊन बसलेल्या. त्यांच्यासाठी कुणी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. आता वाजत होत्या, आणि थांबत नव्हत्या. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती वाकायचं विसरली. नुसती ताठ उभी राहिली.

सभा संपल्यावर बायका रांगेने बिल्ले परत देत होत्या. आज पेटीपाशी स्वतः ओगाता-सान होत्या. स्वरूपाने सवयीने आपला बिल्ला झाकणात ठेवला. त्यांनी तो उचलला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि पेनासकट तिच्यापुढे धरला.

"चौकोन रिकामा राहिलाय," त्या म्हणाल्या.

स्वरूपाने एक लिहिला. ओगाता-साननी शाई वाळेपर्यंत बिल्ला हातात धरून ठेवला. मग किमोनोच्या बाहीतून रुमाल काढून त्यांनी पहिला कप्पा पुसला. तो स्वच्छच होता. बिल्ला त्यात ठेवून त्यांनी पेटीचं झाकण लावलं.

"जूनमध्ये इथूनच घ्या," त्या म्हणाल्या.